काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा

तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक कप काढून माझ्या टेबलावर ठेवला. निळसर, पोटावर बोटांच्या रेघा तशाच ठेवलेला. मी विचारलं, "केवढ्याला देता?" तिने तो उचलला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "कानाजवळ ग्लेझ, हा वरचा काचेसारखा लेप, जरा ओघळलाय. आणि तळ किंचित जड झालाय."

विचारली होती किंमत, सांगितले दोष.

मी समुपदेशक आहे. ओळखीच्या खुणा बदलून, तिच्या परवानगीने लिहिते आहे. नोकरी सोडून तीन वर्षं ती स्वतःच्या भट्टीवर मातीकाम करत होती. माल खपायचा, तरी महिनाअखेरीला ओढाताण ठरलेली. "पैसे मागताना चोरी केल्यासारखं वाटतं हो. गिऱ्हाईक समोर आलं की तोंडातून निघून जातं, काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. आणि अलीकडे चाकावर बसावंसंच वाटत नाही. कलेवर पोट भरतच नाही का?" विणकाम करणारे, लाकूडकाम करणारे, दागिने घडवणारे, सगळे थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन येतात.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. लहानपणी कौतुक झालं का, घरच्यांच्या अपेक्षा काय होत्या... आमच्या पेशाची खोडच आहे. पुढचं दार सताड उघडं असलं तरी आम्ही तळघरातून आत शिरतो. तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, "एका कपाला वेळ किती लागतो?"

"दहा मिनिटं."

चाकावर दहा मिनिटं, हे खरं. पण त्याआधी माती मळून तिच्यातली हवा काढायची. आकार अर्धवट वाळला की तळ खरवडायचा. कान ओढून जोडायचा आणि प्लास्टिकखाली सावकाश वाळू द्यायचा, कारण घाई केली की नेमका जोडावर तडा जातो. पुढे पहिली भाजणी, ग्लेझ, दुसरी भाजणी आणि दोन्ही वेळा भट्टी निवेपर्यंत थांबणं. उघडल्यावर दहातले एक-दोन बाद. हे सगळं तिने मला रंगून सांगितलं, मातीचा पोत दाखवताना हवेत बोटं हलत होती. तिच्या हिशेबात मात्र यातलं फक्त मातीचं पोतं आणि विजेचं बिल होतं.

मी तिला वही घालायला सांगितली. चार आठवडे, अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद. आठवड्याला सरासरी 50 तास भरले, त्यात मातीत हात होते 22 तास. बाकीचे फोटो, निरोपांना उत्तरं, पॅकिंग, भट्टी लावणं, रिकामी करणं, हिशेब. आणि दाम ती लावत होती ते फक्त चाकावरच्या वेळेचे.

मी हिशेबतपासनीस नाही, पण एवढी बेरीज मलाही येते: साहित्य, सगळ्या तासांचा मेहनताना, जागेचा नि भट्टीच्या झिजेचा वाटा, आणि फुटलेल्या भांड्यांचा भार टिकलेल्यांवर. दुकानं आणि गॅलऱ्या बऱ्याचदा किमतीच्या निम्म्यापर्यंत कमिशन घेतात, तेही धरायचं. थेट विकताना भाव पाडला तर दुकानदारही दुरावतो. कपाची किंमत जवळपास दुप्पट आली. ती कागदाकडे बघत राहिली.

पण कागदावरची किंमत तोंडातून येईना. आम्ही तालीम केली. मी गिऱ्हाईक, तिने आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं, बस. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन... "पण कमी करता येईल." पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मॅडम, तुम्ही फी सांगताना काय करता?"

खरं तर मी सांगतच नाही. बाहेर पाटीवर लिहून ठेवलीय, सुरुवातीच्या दिवसांत मलाही ते जमत नव्हतं म्हणून. तसं सांगितल्यावर आम्ही दोघी हसलो. पुढच्या प्रदर्शनात तिच्या प्रत्येक भांड्याला दोऱ्याने किमतीची चिठ्ठी होती. कुणी घासाघीस केलीच तर भाव उतरवायचा नाही, लहान वाटी पुढे करायची, ही युक्ती तिची तिलाच सुचली.

चाकावर बसावंसं न वाटण्याचं कारण निराळं होतं. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी शिशुवर्गातल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलंस तर बक्षीस, असं आधी कबूल केलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्मा वेळच चित्रांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे पैसा आवड मारतो असं नव्हे. हात सतत त्याच्यासाठीच चालले की आवड आटते. तिने आठ महिने तोच निळा कप केला होता, कारण तो खपत होता.

तिला मी ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीचबद्दल सांगितलं. त्याने आणि शोजी हमादा या जपानी कुंभाराने 1920 मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आयव्हज इथे भट्टी घातली. तिथे पुढे रोजच्या वापरातल्या भांड्यांची एक ठरावीक मालिका निघाली आणि ती सूचीपत्रावर विकली जाई. कार्यशाळा चालायची ती बऱ्याच अंशी तिच्यावर, आणि एकेकटी, मनासारखी भांडी वेगळी होत. एवढ्या मोठ्या कुंभाराने जे कमी मानलं नाही, ते आपण का मानावं?

आठवड्यातले दोन दिवस ती आता शिकवायला जाते. "म्हणजे मी पूर्णवेळ कलाकार नाही," असं एकदा कुरकुरली. मला यात हार कुठेच दिसत नाही. घरभाडं त्या दोन दिवसांतून निघतं, म्हणून उरलेले दिवस तिला कुणापुढे अजिजी करावी लागत नाही. काही महिने अजूनही कोरडे जातात. शिल्लक सहा महिन्यांच्या खर्चाएवढी करायची ठरलं आहे, सध्या दोनपर्यंत पोचली आहे.

वही तिने बंद केलेली नाही. मागच्या भेटीत उघडून दाखवली तेव्हा एक नवा रकाना दिसला, वर लिहिलेलं: विक्रीला नाही. त्या आठवड्यात त्याच्याखाली तीन तास होते.