कॉम्प्युटर नेटवर्कचे ४० पॉइंट असलेल्या ऑफिसला रॅक आणि पॅच पॅनेल लागतंच का, की वायरी थेट स्विचमध्ये खुपसल्या तरी चालतं?

लागतं. पॅच पॅनेल म्हणजे भिंतीतल्या वायरी मागून बसवायची सॉकेटांची पट्टी, स्विच म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, आणि रॅक म्हणजे हे सगळं बसवायची चौकट. हा वाद गेली १२ वर्षं माझ्या घरातच चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

अंबडमधल्या एका कारखान्याचं काम मी आणि मेहुण्याने भागीदारीत घेतलं होतं. ३८ पॉइंट. मी कोटेशनमध्ये दोन पॅनेल धरली, त्याने खोडली. "दाजी, टोकाला प्लग मारा आणि स्विचमध्ये घाला. मधे ती पट्टी कशाला? गिऱ्हाईक पट्टीचे पैसे देत नसतं." दिवाळी तोंडावर, बायकोचा भाऊ. गप्प बसलो.

दीड वर्षाने भर पावसात स्विच गेला. नव्याचे पोर्ट, म्हणजे प्लग घालायची भोकं, दुसऱ्या बाजूला, आणि आमच्या वायरी आधीच ताणून बसवलेल्या. सात वायरी वीतभर कमी पडल्या. भिंतीत टाकायच्या केबलमध्ये एकसंध तांब्याची तार असते, ती रोज वाकवायची नसतेच. त्यामुळे तीन प्लगच्या मानेशी तुटल्या. तोडून नवा प्लग मारावा तर वायर आणखी बोटभर आखूड. नंबर मेहुण्याने काळ्या टेपवर स्केचपेनने टाकलेले. टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळून सगळ्या चिठ्ठ्या एका जागी गोळा झालेल्या! कुठली कोणाची म्हणून एक ओढून पाहिली, ती नेमकी डिस्पॅचची. भरलेला ट्रक बिलासाठी दोन तास गेटवर. ड्रायव्हर जे बोलला ते मलाच ऐकावं लागलं.

आणि मी कुठे शिकलो होतो? टेलिफोन एक्सचेंजच्या मेन फ्रेमवर. एका बाजूला रस्त्यावरून आलेल्या केबलच्या जोड्या, दुसऱ्या बाजूला एक्सचेंजच्या, मधे फक्त जंपर, म्हणजे जोडणीची सुटी तार. गिऱ्हाइकाचा नंबर बदलला तरी रस्त्याच्या केबलला कोणी हात लावायचा नाही, जंपर तेवढा बदलायचा. क्रोनवर, म्हणजे तारा बसवायच्या खाचांच्या पट्टीवर, तार न सोलताच ठेवायची, टूल दाबलं की खट् आवाज, इन्सुलेशन कापून तार पकडली जाते आणि उरलेलं टोक तुटून पडतं. जुना जंपर काढायचा तर आमचे साहेब एक टोक हलकेच हलवायला लावायचे आणि दुसरीकडे कुठला हलतो ते बघायचे. मेलेला जंपर तसाच सोडला की शिवी ठरलेली.

पॅच पॅनेल म्हणजे त्याच फ्रेमचं धाकटं भावंड. भिंतीतली वायर मागे एकदा पंच केली, म्हणजे तशीच टूलने दाबून बसवली, की तिला विसरायचं. ओढाताण पुढच्या पॅच कॉर्डची, म्हणजे पॅनेल आणि स्विच जोडणाऱ्या छोट्या वायरीची. ती तुटली तर नवी लावा.

तुम्हाला २४ पोर्टची दोन पॅनेल, दोन स्विच, मधे वायरी नीट ठेवायला दोन केबल मॅनेजर, म्हणजे सहा यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप, इथे प्रत्येकाला एक). म्हणून नऊ यूचा रॅक पुरेल असं दुकानदार सांगेल. बारा घ्या, यूपीएस, राउटर कुठे ठेवणार? वर मीटरभर वायरीचा लूप सोडा, दोन्ही टोकांना फेरूल, म्हणजे नंबराच्या रिंगा, घाला आणि प्लॅस्टिकच्या टायने वायरींचा गळा आवळू नका. पॅनेलपासून टेबलाच्या पॉइंटपर्यंत ९० मीटरच्या वर जाऊ नका. रॅकला अर्थिंग द्या, हे आधीच सांगायला हवं होतं.

घरात पाच-सहा पॉइंट असतील तर मात्र पॅनेल नको, तेवढ्यापुरतं मेहुण्याचं बरोबर.

तो आता सिडकोत कॅमेऱ्यांचं काम करतो. परवा त्याच्या साइटवर गेलो तर रॅकमध्ये पॅनेल, फेरूलसकट. विचारलं, तर म्हणे गिऱ्हाइकानेच मागितलं.