शहरातला रस्ता आखताना सुरुवात कडेपासून करायची असते

तुमच्या गावातला बाजाररस्ता 18 मीटर रुंद होणार आहे, नगरपरिषदेने हरकती-सूचना मागवल्या आहेत आणि नकाशात नेमकं काय बघायचं ते कुणाला कळत नाहीये, असा तुमचा प्रश्न आहे. मी 22 वर्षं रस्त्यांच्या आखणीचं काम करते. रस्ते-रचनेची तत्त्वं पुष्कळ आहेत, पण तुमच्या हातात हरकतीचे मोजके दिवस आहेत, म्हणून थेट तुमच्या 18 मीटरांबद्दलच बोलते.

सगळ्यात आधी आडवा छेद मागा. रस्ता सुरीने आडवा कापला तर कापलेल्या बाजूने कसा दिसेल, त्याचं ते चित्र असतं. वरून काढलेल्या नकाशात रेघा दिसतात, माणूस कुठे चालणार ते दिसत नाही. आता हा छेद बहुतेक ठिकाणी असा काढतात: मधोमध रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची जागा, जमलं तर दुभाजक, आणि उरेल तो फुटपाथ. उरतो सव्वा मीटर. त्यातच विजेची डीपी, दिव्याचा खांब आणि एखादं जुनं कडुनिंबाचं झाड. मग लोक रस्त्यावरून चालतात आणि आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही.

हे उलट करायचं असतं. दोन्ही बाजूंच्या हद्दीपासून सुरुवात करून आत यायचं. आधी चालणाऱ्याची जागा, मग झाडं-खांब-डीपीची पट्टी, मग गाड्या लावायची जागा, आणि शेवटी मध्ये राहील ती धावत्या गाड्यांची. रस्त्यांची मापं ठरवून देणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत निवासी भागात मोकळा फुटपाथ किमान 1.8 मीटर आणि बाजारपेठेत 2.5 मीटर सांगितला आहे. मोकळा म्हणजे खांब-झाडं सोडून. तुमचा बाजाररस्ता आहे, म्हणून 2.5 धरा. त्याला लागून 1 मीटरची पट्टी झाडं आणि खांबांना. म्हणजे एका बाजूला साडेतीन, दोन्ही मिळून 7. दोन्ही कडांना पार्किंग 2-2 मीटर, ते झाले 4. राहिले 7 मीटर, म्हणजे जाणारी एक आणि येणारी एक अशा साडेतीन मीटरच्या दोन रांगा. बसही आरामात जाते. 18 मीटर पुरले. पार्किंगची पट्टी मात्र काढून टाकू देऊ नका. नाहीतर गाड्या फुटपाथवर चढतील.

"फुटपाथ एवढा मोठा केला तर कोंडी होईल," असं सभेत कुणीतरी नक्की म्हणेल. कोंडी होते ती रस्ता कमी-जास्त रुंद असल्यामुळे. दोन रांगांच्या तीन होतात, पुढे पुन्हा दोन, आणि त्या अरुंद तोंडाशी सगळे एकमेकांत घुसतात. किती गाड्या जातील हे वाटेतल्या सर्वात रुंद तुकड्यावर ठरत नाही, ते ठरतं सर्वात अरुंद तुकड्यावर आणि चौकांवर. म्हणून गाड्यांची रुंदी पहिल्या चौकापासून शेवटच्या चौकापर्यंत सारखी ठेवायची, जिथे हद्द जास्त मिळेल तिथली जादा जागा फुटपाथला द्यायची. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर टप्प्याटप्प्याने असंच काम झालं, फुटपाथ रुंद झाले, बसायला जागा झाल्या. जमलं तर तुमच्यातल्या चार-पाच जणांनी एकदा तिथून चालून या, सोबत टेप घेऊन जा. सभेत बोलताना स्वतः मोजलेला आकडा फार कामी येतो.

आता चौक. कोपरा जितका जास्त गोल, तितकी गाडी वेगात वळते आणि माणसाला ओलांडायचं अंतरही तितकं वाढतं. बाजारात कोपरे आवळूनच ठेवावेत.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी रुग्णालयासमोरचा चौक मी आखला होता. रस्ता 24 मीटर. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात, म्हणून ओलांडायला 20 सेकंद दिले. हिशेब बरोबर होता. काम झाल्यावर बघायला गेले तर एक आजी जेवणाचा डबा घेऊन निघाल्या होत्या. दुभाजकापाशी पोचल्या आणि सिग्नल पडला. दुभाजक वीतभर रुंद. त्यावर पाऊल आडवं ठेवून, डबा पोटाशी घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या, आणि पुढून-मागून गाड्या सुटल्या. त्यांच्या पदराचं टोक एका रिक्षाला घासून गेलं. त्या रात्री मला झोप आली नाही. त्यांचा वेग सेकंदाला फार तर 70 सेंटिमीटर असेल. माझ्या हिशेबात त्या नव्हत्याच. तेव्हापासून मी रुग्णालय, शाळा आणि बाजार इथला हिशेब सर्वात हळू चालणाऱ्या माणसावरून करते, आणि मध्ये थांबायचं बेट ठेवायचं असेल तर किमान 2 मीटरचं ठेवते.

तुमच्या रस्त्यावर बेटाची गरज नाही. झेब्रा पट्ट्यांपाशी दोन्हीकडचं पार्किंग थांबवा आणि तेवढ्या भागात फुटपाथ पुढे काढा. मग 11 मीटरऐवजी 7 मीटरच ओलांडावे लागतील. आजींना 16 सेकंदांऐवजी 10 लागतील. उभी गाडीही आड येत नाही, त्यामुळे लहान पोर गाडीवाल्याला लांबूनच दिसतं. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. वेग ताशी 30 किलोमीटरवरून 50 वर गेला की धडकेची ताकद पावणेतीन पट होते. म्हणून बाजारातला रस्ता 30च्या वेगासाठीच आखायला सांगा.

फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरच्या वर नको. प्रत्येक दुकानापुढे, प्रत्येक गेटपाशी तो खाली-वर होता कामा नये. फुटपाथ सलग राहील, गाडीने चढून उतरायचं.

आणि पाणी. हे लोक विसरतातच, आणि रस्ते मरतात ते पाण्याने. डांबराखाली पाणी गेलं की वरून जाणारं प्रत्येक चाक ते पाणी दाबतं आणि खडी सुटत जाते. म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता हवा, मीटरला 2 ते अडीच सेंटिमीटर. लांबीच्या दिशेनेही 100 मीटरला किमान 30 ते 50 सेंटिमीटर उतार हवा, नाहीतर पाणी कडेला येऊन तिथेच बसतं. पाणी गटारात सोडणारी जाळी सगळ्यात खोल जागी बसली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या पावसात बाहेर पडून बघा: जाळी कोरडी आणि तिच्या शेजारी घोटाभर पाणी, हे मी किती ठिकाणी पाहिलंय! गवंड्याने ती इंचभर वर बसवलेली असते, बाकी काही चुकलेलं नसतं. म्हणून नकाशावर लेव्हल, म्हणजे जागोजागची उंची, लिहिलेल्या आहेत का ते बघा. लेव्हल नसलेला नकाशा मान्य करू नका.

लेव्हलबाबत अजून एक मागणी आत्ताच लेखी करा: पुढे कधीही नवा थर टाकताना आधी जुना खरवडून काढायचा. माझ्या आजोबांच्या वाड्यात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागायच्या. थरावर थर पडत गेले, आता एक पायरी उतरावी लागते. दर पावसाळ्यात उंबऱ्याला गोणपाट लावतात.

जलवाहिनी, ड्रेनेज, विजेच्या केबल हे सगळं डांबर पडायच्या आधी व्हायला हवं, आणि शक्य तेवढं पार्किंग नि फुटपाथच्या खाली. प्रत्येक चौकात रस्त्याखालून दोन-तीन रिकामे पाईप आडवे टाकून ठेवायला सांगा. उद्या केबल टाकायला कुणी आलं तर रस्ता फोडावा लागणार नाही.

स्पीडब्रेकर लागलाच तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा: 3.7 मीटर रुंद, मध्ये 10 सेंटिमीटर उंच. हातभर रुंदीचा उंचवटा पाठीचे मणके मोडतो.

हरकत लिहिताना "रस्ता चांगला करा" असं लिहू नका. 2.5 मीटर मोकळा फुटपाथ, 7 मीटर सारखी रुंदी, झेब्रापाशी पुढे काढलेला फुटपाथ, लेव्हलसह नकाशा, असं मापासकट लिहा आणि पोच घ्या. शाळेसमोरचा चौक असेल तर त्याचा नकाशा इथे टाका, मी मापं बघून सांगते.