पाण्यावर कोण होतं?

अगं,

तुझा मेल दोनदा वाचला. वर्षभर नदीवर जाऊन विसर्ग मोजलास तू, अहवालावर नाव साहेबांचं, आणि आता राजीनामा देऊ का म्हणून मला विचारतेस. तुझं काम चांगलं आहे वगैरे मी लिहीत बसणार नाही. ते तुला ठाऊक आहे, म्हणून तर एवढा राग आलाय.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाचा 1922 चा करार तू अभ्यासला असशील. सात राज्यांनी वरचं खोरं आणि खालचं खोरं वेगळं केलं ते लीज फेरीपाशी. अ‍ॅरिझोनातली ती जागा आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत, तिथल्या पाणी मोजायच्या गेजमुळे. पण तिथली तर, म्हणजे माणसं आणि गाड्या नदीपार नेणारी होडी, चालवली कुणी, असं विचारून बघ कुणालाही. ‘ली’ म्हणतील. पाटीवर तेच आहे ना!

जॉन डी. ली हा मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथातला एकेकाळचा वजनदार माणूस. 1857 साली यूटातल्या माउंटन मेडोजला आर्कान्सॉहून निघालेल्या तांड्यातली सुमारे 120 माणसं मारली गेली, बायकापोरांसकट. मारणाऱ्यांत हा होता. 1870 मध्ये पंथाने त्याला बाहेर काढलं आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस या ओसाड जागी धाडलं. कोलोरॅडोच्या दोन्ही अंगांना शेकडो मैल उभे कडे, पारिया नदी येऊन मिळते तेवढ्याच ठिकाणी गाडी पाण्यापर्यंत उतरते. जानेवारी 1873 मध्ये त्याची मोठी होडी पाण्यात गेली. नोव्हेंबर 1874 मध्ये तो पकडला गेला. 1877 मध्ये त्याच माउंटन मेडोजवर नेऊन त्याला गोळ्या घातल्या. कत्तल करणारे पुष्कळ होते, शिक्षा मात्र या एकट्याला झाली.

आता हिशेब कर. होडी पाण्यात पडल्यापासून धड दोन वर्षं नाहीत, तीही अर्धी लपतछपत. मग पाण्यावर कोण होतं?

एमा होती. त्याच्या अनेक बायकांपैकी एक, इंग्लंडात जन्मलेली, 1856 साली हातगाडीवाल्यांच्या तांड्यातून यूटाला पोचलेली. जागा बघताच तिने तिला ‘लोनली डेल’ म्हटलं, म्हणजे एकाकी दरी. आल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा तिथेच बाळंत झाली. सांगतात की एकदा नवरा नसताना नवाहो या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांनी घराजवळ तळ टाकला. दाराला कडी लावून थरथरत बसायचं सोडून बाईने पोरं आणि पांघरुणं उचलली आणि त्यांच्याच शेजारी जाऊन अंथरूण घातलं. कुणी केसाला धक्का लावला नाही. 1879 मध्ये मॉर्मन चर्चने तरीचा हक्क तिच्याकडून विकत घेतला.

आणि वॉरन जॉन्सन. 1875 पासून 1896 पर्यंत तर त्याच्या हातात. गाड्या पलीकडे न्यायच्या, गुरं न्यायची. पैलतीरी जो खडकाळ चढ लागायचा त्यालाही नाव लीचंच, ‘लीचा कणा’. अ‍ॅरिझोनातली जोडपी यूटातल्या सेंट जॉर्जच्या मॉर्मन मंदिरात विधीपूर्वक लग्न करायला जायची, तीही याच तरीने. 1891 मध्ये अशाच एका येत्याजात्या कुटुंबाबरोबर घटसर्प आला. जॉन्सनची चार मुलं त्यात गेली. थडगी तिथेच आहेत, आणि त्यानंतरही हा माणूस वाटसरूंना पार करतच राहिला. मला हे वाचून पुढचं वाचवलं नव्हतं.

अन्यायच ना हा, म्हणशील. आहेच. बरं, पुढे?

पुढे एवढंच, की पाण्यावर कोण होतं ते विचारायचं. नाव देत नाहीत म्हणून नोकरी सोडू नकोस. पण नदीवर जाऊ देत नसतील, बोटीत बसायला नको, ऑफिसात बसून तक्ते भर म्हणत असतील, तर त्याच दिवशी सोड, मला विचारतही बसू नकोस. दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि तुझ्या मेलमध्ये तू त्यांची खिचडी केली आहेस.

मला मुख्यालयात बढती मिळत होती, मी घेतली नाही. घरी अजून ऐकवतात. माझ्या आकड्यांवर दुसऱ्यांचे शोधनिबंध झाले, एकाने तर तेच आकडे सभेत मलाच समजावून सांगितले! ऐकून घेतलं. पुरात दोराला धरलेली बोट डगमगत असताना पाण्याचा वेग मोजणाऱ्या करंट मीटरचे टिकटिक मोजणारा मी होतो, आणि त्याने ती नदी नकाशातच पाहिलेली. यात मी हरलो असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं माझं. मला नाव नको होतं असंही नाही. हवं होतं, अगदी हवं होतं. पण त्यासाठी काठावर येऊन बसायची माझी तयारी नव्हती, आणि त्याचा पश्चात्ताप करायला मी आजही तयार नाही.

तू चिडकी आहेस, ते बरंच आहे. एमाही काही गरीब गाय नव्हती. पण चिडून तू साहेबाला जो मेल लिहून ठेवलायस तो पाठवू नकोस, फार लांब आहे. दोन ओळी लिही: मोजणी कुणी केली ते अहवालाच्या परिशिष्टात यावं. हे मागणं रास्त आहे. देतील किंवा नाही देतील.

आणि पुराच्या दिवशीची मूळ नोंदवही मला स्कॅन करून पाठव. अहवालात त्या दिवशीचा विसर्ग ‘अंदाजे’ म्हणून घातलाय. तू तर तेव्हा पुलावर होतीस, मग अंदाज कशाला? पट्टीवरची पातळी दर तासाला घेतली होतीस का, तेही कळव.