हे चलन नाही, खटला आहे

प्रिय मुला,

नवी गाडी घेतल्याचे पेढे पोचले. फार आनंद झाला. शनिवारी रात्री मित्राच्या हळदीला लोणावळ्याला चालला आहेस असं तुझी आई म्हणाली, म्हणून हे पत्र आजच लिहायला बसलो.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "पकडलं तर दहा हजार भरायचे, अजून काय?" ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. सिग्नल तोडला की चलन येतं, मोबाइलवरून पैसे भरले की विषय मिटतो. दारू पिऊन गाडी चालवण्याचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 दंड भरून रस्त्यावर मिटवायची सोयच कायद्यात ठेवलेली नाही. मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलास तर दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्स आरटीओकडे जातं ते वेगळंच.

मागे कोर्टाच्या व्हरांड्यात तुझ्याच वयाचा एक मुलगा भेटला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात नव्या कंपनीचा फॉर्म. एका रकान्यावर बोट ठेवून त्याने मला विचारलं, "काका, इथे काय लिहू?" रकाना होता, 'आपल्यावर कोणताही फौजदारी खटला आहे का?' खोटं लिही असं मी सांगू शकत नव्हतो. फोल्डर मिटून तो भिंतीला टेकून उभा राहिला. पासपोर्टच्या अर्जातही असाच प्रश्न असतो, लक्षात ठेव.

आता नाकाबंदीचं. गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर, काच खाली कर, हात दिसू देत. लांबून बॅरिकेड बघून गाडी वळवून पळायचं मनातही आणू नकोस. माझ्याकडे आलेल्या सगळ्यात वाईट प्रकरणांची सुरुवात त्या एका वळणाने झाली आहे. श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनमध्ये फुंकायला सांगितलं तर नळी नवी लावा म्हणून विनंती कर, तो तुझा हक्क समज. नुकताच माउथवॉश वापरला असेल तर तसं सांग आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्या म्हण. मर्यादा आहे 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. फुंकायला नकार देणं म्हणजे सुटका नव्हे. संशयाला जागा असेल तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि तोच नकार पुढे कोर्टात तुझ्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. आकडा चुकीचा वाटला तर आवाज न चढवता रक्ततपासणीची मागणी कर. पावतीवरची वेळ, आकडा आणि गाडीचा नंबर वाचल्याशिवाय सही करू नकोस. पैसे पुढे करू नकोस, तो स्वतंत्र गुन्हा आहे. बाबांच्या ओळखीही सांगू नकोस.

मशीनमधल्या चुका काढून सोडवणारे वकील असतात. पंचनाम्यातल्या, वैद्यकीय तपासणीतल्या चुकांवर मीही भांडलो आहे, कारण आरोपीला तो हक्क आहे. पण त्या भरवशावर किल्ली फिरवू नकोस. 2006 साली मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. चालकाच्या रक्तात दारू सापडली होती. 'नुसता निष्काळजीपणा' असं कोर्टाने मानलं नाही. सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तो निकाल मी अनेकदा वाचला आहे. दरवेळी त्या मजुरांच्या झोपेशी येऊन थांबतो.

आणखी एक, हे सुशिक्षित मुलांनाही ठाऊक नसतं. दारू उतरायला वेळच लागतो. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेच ती लवकर उतरत नाही. शरीर साधारण तासाला 100 मिलीलिटर रक्तामागे 15 मिलिग्रॅम उतरवतं. रात्री एकला 150 असेल तर सकाळी आठलाही 45 उरतं. झोप झालेली असते, डोकं हलकं वाटत असतं, आणि तरीही तू मर्यादेच्या वर असतोस. प्यायलेल्या मित्राच्या हातात किल्ली दिलीस तरी कलम 188 खाली तू गुंततोस.

तेव्हा शनिवारी मुक्काम तिथेच कर. किल्ली हळदीच्या आधीच न पिणाऱ्या कुणाकडे तरी ठेव, आणि रविवारी दुपारी जेवून मग निघ. निघताना मला एक मेसेज कर.

तुझा
वकीलकाका