मोशे आरेन्स आधी सैनिक होते की आधी इंजिनियर? मलाही एरोस्पेस करून सैन्यात जायचंय, क्रम काय ठेवू? (लावी विमानावर पैसे बुडवले तेच ना हे?)

आधी सैनिक. विमान-इंजिनियर आणि पुढे इस्रायलचे मंत्री झालेले हे आरेन्स. जन्म १९२५, लिथुआनियातलं कौनास, लहानपण रीगात, १९३९ ला घरचे अमेरिकेला निघून गेले म्हणून वाचले. महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या इंजिनियर कोअरमध्ये सार्जंट, १९४७ ला एमआयटीची डिग्री, १९४८ ला इस्रायलला येऊन इरगुन या ज्यूंच्या सशस्त्र संघटनेत, मग परत अमेरिकेत कॅलटेकला विमानांचं शिक्षण, मग इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्नियन या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मी लिहायला बसलोय ते लावीबद्दलच्या, म्हणजे इस्रायलने स्वतः बनवायला घेतलेल्या लढाऊ विमानाबद्दलच्या, तुमच्या कंसातल्या वाक्यामुळे, कारण तेच वाक्य माझे मामा दर सणाला जेवताना ऐकवतात.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. मी ठाण्यात मराठी शाळेत दहावी केली आणि १९८४ ला आम्ही इस्रायलमध्ये लोदला आलो. बाबा टर्नर, वागळे इस्टेटमध्ये वीस वर्षं लेथवर काढलेली. मामा आधीच इथल्या अश्दोद शहरात होते, त्यांनी बाबांना एका बिस्किटाच्या कारखान्यात मेंटेनन्सला चिकटवलं, पर्मनंट, पुढे पेन्शन. बाबांनी ती नोकरी सव्वा वर्षात सोडली आणि लावीचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले, तेही कमी पगारावर. आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. बाबांचं म्हणणं एकच, बिस्किटाच्या मशीनचा बुश, म्हणजे सांध्यात बसवायचं धातूचं कडं, एक सूत इकडेतिकडे झाला तरी बिस्कीट निघतं, इथे पॉइंट झीरो टूचा फरक पडला तरी माल परत येतो, इथे माझ्या हाताला किंमत आहे.

३१ डिसेंबर १९८६ ला लावी पहिल्यांदा उडालं तेव्हा बाबांनी सगळ्या शेजारात पेढे वाटले, आईने घरी केलेले. आणि ३० ऑगस्ट १९८७, रविवार, मंत्रिमंडळात मतदान झालं, १२ विरुद्ध ११, लावी बंद. दोन विमानं उडत होती तेव्हा, कागदावरची गोष्ट नव्हती ती! कामगारांनी टायर जाळले, रस्ते अडवले. बाबा मापं घ्यायचा व्हर्नियर खिशात तसाच घेऊन घरी आले, जेवायला बसताना टोचला म्हणून काढून ताटाशेजारी ठेवला आणि आईने तो उचलून नीट पुसून डब्यात ठेवला. आरेन्स तेव्हा सरकारात मंत्री होते, त्यांनी या एका विमानासाठी राजीनामा दिला. हरल्यावर खुर्ची सोडली म्हणून आमच्या घरात त्यांना मान आहे.

आणि आरेन्सना हट्टी वगैरे म्हणणाऱ्यांनी क्फिर हे इस्रायलचं आधीचं लढाऊ विमान नीट बघावं. १९६७ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी इस्रायलवर शस्त्रबंदी लावली, पैसे भरलेली ५० मिराज लढाऊ विमानं फ्रान्सने दिलीच नाहीत. आरेन्स १९६२ पासून इस्रायलच्या विमान उद्योगात मोठ्या पदावर होते, त्या काळात क्फिरचं काम सुरू झालं, मिराजच्या अंगात अमेरिकन जे-७९ इंजिन. बोलायला सोपं आहे. ते इंजिन जास्त तापतं आणि त्याला हवा जास्त लागते, म्हणून हवा घेणारी तोंडं मोठी केली, मागचं अंग आखूड आणि रुंद केलं, इंजिनाभोवती टायटॅनियमचं आवरण घातलं, शेपटीच्या बुडाशी थंड हवेसाठी वेगळं तोंड काढलं. १९७१ ला त्यांना इस्रायलचं संरक्षण पारितोषिक मिळालं, तेव्हा ते संसदेत गेलेही नव्हते.

लावीचं एक विमान बेअरशेवाजवळ हात्झेरिमच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. मी बाबांना घेऊन गेलो होतो. भर उन्हात ते नाकाच्या चाकापाशी गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून सांध्यातला बुश शोधत होते, तिथली सैनिक मुलगी धावत आली, हात लावू नका म्हणाली, मी तिला सांगितलं हे याचे पार्ट करायचे, तर तिने स्वतःच्या फोनचा टॉर्च मारून धरला. बाबा बराच वेळ बघून म्हणाले, "आपला नाही हा, दुसऱ्या लॉटचा असणार. पण फिनिश बघ."

आता हेही मान्य करतो की १९८४ ला इथे महागाई चारशे टक्क्यांच्या वर गेली होती, लावीचा मोठा खर्च अमेरिकेच्या मदतीतून चालला होता, त्यामुळे विरोध करणारे ते १२ जण काही मूर्ख नव्हते. आरेन्स यांचं राजकारणही मला सगळं पटत नाही, इजिप्तशी शांततेच्या कॅम्प डेव्हिड कराराला त्यांचा विरोध होता, ते चूकच. पण पैसे बुडवले म्हणू नका.

क्रमाचं म्हणाल तर इथे अतुदा म्हणून सोय आहे, आधी डिग्री मग सैन्य. भारतात डिग्री घेऊन हवाई दलाच्या टेक्निकल शाखेत ऑफिसर होता येतं, वयाची अट आधी बघून घ्या. घरातलं कोणी पर्मनंट नोकरीचं सांगत बसलं तर ऐकून घ्या आणि तुम्हाला हवं तेच करा. वर्कशॉप बंद पडल्यावर बाबा सात महिने घरी होते हे खरं, मामांनी परत बिस्किटात जायला सांगितलं हेही खरं. बाबा गेले नाहीत. आठव्या महिन्यात दुसऱ्या एका वर्कशॉपच्या मालकाने लावीवर काम केलंय एवढं ऐकून ट्रायल न घेता त्यांना लेथवर उभं केलं, तेही जास्त पगारावर. बाबांनी हे मामांना कधी सांगितलं नाही, यंदाच्या पेसाखला, आमच्या सणाच्या जेवणात, मी सांगणार आहे.