कोजागरीच्या चांदण्यात डोळा काय करतो

मस्कत

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

कोजागरीला आजीने गच्चीवरचे सगळे दिवे मालवायला लावले, आटीव दूध चांदण्यात ठेवले आणि "जरा दम धर, दिसेल सगळं" असे म्हणत तुला बसवून ठेवले. तो दम धरायचा कशासाठी, आणि दुधातल्या केशराच्या काड्या काळ्या का दिसत होत्या, असे तू विचारले आहेस. दिवे मालवण्याची रीत चंद्रासाठी आहे, डोळ्यांसाठी नव्हे. जुन्या लोकांना सारे विज्ञान ठाऊक होते, हे दावे मला पटत नाहीत. तरीही आजीचे ते वाक्य शब्दशः खरे आहे.

मंद उजेडात पाहण्याचे काम मुख्यतः दृष्टिपटलावरील सुमारे १२ कोटी दंडाकार पेशींचे असते. प्रत्येकीत एकावर एक रचलेल्या शेकडो चकत्या असून त्यांत ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य असते. त्यातला रेटिनल हा रेणू अ जीवनसत्त्वापासून बनतो. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो तो यामुळेच. अंधारात हा रेणू वाकलेला असतो. प्रकाशाचा एक कण शोषला गेला की तो सरळ होतो, त्याला धरून बसलेल्या ऑप्सिन प्रथिनाचा आकार बदलतो, ते ट्रान्सड्यूसिन या दुसऱ्या प्रथिनाच्या अनेक रेणूंना जागे करते आणि त्यांनी कामाला लावलेले विकर सीजीएमपी नावाच्या रेणूंचे भराभर विघटन करते. पेशीच्या आवरणातली दारे उघडी ठेवणारे हे सीजीएमपीच घटल्याने दारे मिटतात, आत येणारा सोडियमचा ओघ आटतो आणि पेशीतला विद्युतदाब सुमारे उणे ४० मिलिव्होल्टवरून उणे ७० कडे सरकतो.

खरी गंमत पुढे आहे. अंधारात ही पेशी स्वस्थ नसते. ती पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट हे निरोप पोचवणारे रसायन सतत सोडत असते आणि उजेड पडताच ते सोडणे कमी करते. म्हणजे उजेड आल्याची वर्दी ती गप्प होऊन देते! १९७९ मध्ये बेलर, लँब आणि याउ या शास्त्रज्ञांनी भेकाच्या एकेका दंडाकार पेशीतला प्रवाह मोजून दाखवले की प्रकाशाच्या एकाच कणाचाही परिणाम त्यात वेगळा ओळखू येतो.

इतकी हळवी पेशी विजेच्या दिव्यापुढे मात्र निकामी ठरते. झगझगीत उजेडात ऱ्होडॉप्सिन विटते, त्यातून सुटलेला रेटिनल शेजारच्या थरात जाऊन पुन्हा वाकवला जातो आणि मगच परत येतो. हा साठा पुरता भरायला अर्धा तास तरी लागतो, म्हणून दम धरायचा. मध्येच कोणी मोबाइल डोळ्यांसमोर धरला, तर बरीचशी प्रतीक्षा वाया जाते.

आता केशर. रंग ओळखणाऱ्या शंकाकृती पेशींना चांदणे जेमतेमच पुरते. दंडाकार पेशी निळसर हिरवा, म्हणजे सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वांत चांगला टिपतात आणि लाल जवळजवळ टिपतच नाहीत, त्यामुळे काडीवरून परतणारा लाल प्रकाश त्यांच्या हिशेबी काळोखच असतो. पुढच्या वर्षी टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद बांध. आकाशनिरीक्षक असेच करतात. त्या मंद लाल उजेडात पेले शोधता येतील आणि दंडाकार पेशींनी जमवलेला साठाही फारसा विटणार नाही.

तुझा,
बाबा