मनगटातल्या धमनीत नळी का घालतात? हाताला धोका असतो का?

तुमचे वडील मोठ्या ऑपरेशननंतर आयसीयूत आहेत, मनगटातल्या धमनीत नळी घातली आहे, आणि दंडाला बीपीचा पट्टा बांधता येत असताना ही कशाला, हात कायमचा अधू तर होणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी आयसीयूत परिचारिका आहे. ही आर्टीरियल लाइन (आम्ही नुसतं ‘आर्ट लाइन’ म्हणतो) माझ्या रोजच्या हाताखालची, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वडिलांच्या प्रकृतीबद्दल मात्र त्यांना तपासणारे डॉक्टरच बोलू शकतील.

पट्टा फुगतो, सैल होतो, एक आकडा देतो. पुढचा आकडा काही मिनिटांनी. नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखं बीपी वाढवणारं औषध पंपावर चालू असेल तर तेवढ्या वेळात बीपी कोसळू शकतं किंवा भलतंच चढू शकतं. आर्ट लाइन प्रत्येक ठोक्याचं बीपी दाखवते, म्हणून पंपाचा वेग त्या त्या क्षणी कमीजास्त करता येतो. दुसरं कारण एबीजीचं, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं धमनीतलं रक्त दिवसातून अनेकदा तपासावं लागतं, आणि धमनीत सुई टोचणं शिरेत टोचण्यापेक्षा खूप जास्त दुखतं. लाइन असली की ते टोचणं वाचतं.

नळीला जोडलेल्या सलाइनच्या पिशवीभोवती एक प्रेशर बॅग असते. ती साधारण 300 मिमी पाऱ्याच्या दाबापर्यंत फुगवलेली असते आणि तासाला 3 मिलीच्या आसपास सलाइन आत ढकलत राहते, म्हणजे नळीत गुठळी होत नाही. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीत लागतो. तो 10 सेंटीमीटर खाली गेला तर बीपी खऱ्यापेक्षा सुमारे 7 ने जास्त दिसतं. पलंग वरखाली केला की सिस्टर लगेच तिथे हात घालतात, तो यासाठी. मॉनिटरवरची लाट कधीकधी चपटी होते, आम्ही ‘डॅम्प झाली’ म्हणतो. हवेचा बुडबुडा, छोटी गुठळी किंवा वाकलेलं मनगट यामुळे वरचं बीपी खोटं कमी दिसतं आणि खालचं खोटं जास्त. अशा वेळी नुसत्या आकड्यावर औषध वाढवणं घातक आहे. आधी फ्लश करून (नळीतून जोरात सलाइन सोडून) लाट बघायची, पट्ट्याने बीपी ताडून बघायचं, आणि मुख्य म्हणजे पेशंटकडे बघायचं.

आता हाताचं. तळहाताला दोन धमन्या रक्त पुरवतात. अंगठ्याच्या बाजूची रेडियल आणि करंगळीच्या बाजूची अल्नर तळहातात एकमेकींना मिळतात, म्हणून बहुतेक लोकांत एक अडली तरी दुसरी भागवते. 2002 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात रेडियल धमनी तात्पुरती बंद होण्याचं प्रमाण जवळपास पाचात एक होतं, पण हाताला कायमची इजा हजारात एकापेक्षाही कमी जणांना झाली होती. नळी घालण्याआधी अ‍ॅलन टेस्ट करतात, म्हणजे मनगटाशी दोन्ही धमन्या दाबून मग अल्नर सोडतात आणि तळहातात रक्त परत येतं का ते बघतात. ती चांगली आली म्हणजे इजा होणारच नाही, असं मात्र मी कुणालाही सांगणार नाही; तेवढा भरवसा त्या टेस्टवर ठेवता येत नाही. शॉकमधले (बीपी कोसळून अवयवांना रक्त कमी पडलेले), रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या औषधांच्या मोठ्या डोसवरचे आणि मुळातच धमन्या अरुंद असलेले पेशंट यांच्या बोटांकडे जास्त डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. दोन्ही हात शेजारी ठेवून रंग आणि ऊब ताडायची. नळीच्या हाताची बोटं पांढरी, निळी, गार पडली किंवा दुखायला लागली, तर लगेच सांगायचं. बहुतेक वेळा तेव्हा नळी काढतातच.

मला खरी धास्ती वाटते ती मात्र वेगळ्याच दोन गोष्टींची. पहिली म्हणजे जोड सुटणं. धमनीतलं रक्त दाबाने येतं. पांघरुणाखाली जोड सुटला तर कुणाच्या लक्षात येण्याआधी बरंच रक्त जाऊ शकतं. म्हणून जोड पिळून बसवायचे, मॉनिटरचा अलार्म बंद ठेवायचा नाही आणि नळीचा हात उघडा ठेवायचा. नातेवाईक मायेने चादर हातावरून ओढतात, तेव्हा मी ती पुन्हा खाली करते. राग मानू नका. दुसरी म्हणजे शिरेची लाइन समजून हिच्यातून कुणी औषध देणं. काही औषधं धमनीत गेली तर बोटं काळी पडून कापावी लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. लाल खूण आणि लेबल त्यासाठीच असतं. पिशवीत ग्लुकोज चुकून लावलं तर काय होतं, तेही ऐका: तिथून काढलेल्या रक्तात साखर खोटी जास्त येते, त्यावर इन्सुलिन दिलं जातं आणि पेशंटची खरी साखर मेंदूला इजा होईल इतकी उतरू शकते. त्यामुळे शिफ्ट घेताना पिशवीवरचं नाव मी स्वतः वाचते.

जंतुसंसर्ग होतो, पण रेडियल लाइनमध्ये क्वचित.

गरज संपली की ही नळी एक दिवसही जास्त राहू नये, असं माझं ठाम मत आहे. लाइन आहे म्हणून उगाच रक्त काढलं जातं, आणि आजारी माणसाचं हिमोग्लोबिन त्यानेही उतरतं. 2025 मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या चाचणीत शॉकच्या पेशंटांपैकी काहींना लगेच आर्ट लाइन घातली, तर बाकीच्यांना पट्ट्यावर ठेवून अगदी गरज पडली तरच घातली. 28 दिवसांपर्यंतचे मृत्यू दुसऱ्या गटात जास्त झाले नाहीत. पट्ट्याचा त्रास मात्र त्या पेशंटांना जास्त जाणवला. तेव्हा राउंडला आलेल्या डॉक्टरांना ‘ही लाइन आज लागणार आहे का?’ असं खुशाल विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचं वाईट वाटत नाही.

नळी काढल्यावर त्या जागी 5 ते 10 मिनिटं घट्ट दाबून धरतात, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आणखी वेळ. काही दिवस निळसर डाग राहिला तर घाबरू नका. पण घरी गेल्यावर त्या जागी ठोक्याबरोबर उडणारी गाठ जाणवली, किंवा लाली वाढून दुखायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला न्या.